सही हवी? आधी प्रश्न विचारा!

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांकडे स्वाक्षरीची वही आहे? हात वर करा बघू! नसणारच. आपल्या आई-बाबांकडे होती. गुलाबी, पिवळी, निळी पानं असलेली छोटीशी वही. एखादा लेखक किंवा नट गावात आला की ही वही पुढे करायची आणि सही घ्यायची. आता वहीच्या जागी मोबाईल आला आणि सहीच्या जागी सेल्फी. पण जे लोक आपल्या गावात कधी येणारच नाहीत, त्यांचं काय? त्यांना पत्र लिहायचं आणि पत्रातून सही मागायची, असा एक छंद जगभर आहे. तो अजून जिवंत आहे बरं का! आमच्या हॉस्टेलमध्येही आहे.

हा छंद नक्की काय आहे, पत्र कसं लिहायचं, परत काय येतं आणि खरी सही ओळखायची कशी, हे या लेखात सांगणार आहे. मी कॉन्व्हेंटची. शाळेत दहा वर्षं अर्ज आणि पत्रं इंग्रजीतूनच लिहिली, त्यामुळे 'सा. न. वि. वि.' म्हणजे काय हे मला विसाव्या वर्षी आजीकडून कळलं. तेव्हा भाषेची थोडी गंमत झाली तर मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.

पुण्याच्या शास्त्रज्ञांची अट

या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्या मराठीतली आहे. डॉ. जयंत नारळीकर हे नाव सगळ्यांना माहीत आहे. १९३८ साली कोल्हापूरला जन्म, बनारसला शिक्षण, मग केंब्रिज. तिथे फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर काम. नंतर ते भारतात परत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली. शाळांमधून त्यांची व्याख्यानं व्हायची. व्याख्यान संपलं की मुलं वह्या घेऊन गराडा घालायची. तेव्हा नारळीकर सर अट घालायचे: सही अशी मिळणार नाही. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. मी उत्तर लिहीन आणि त्याच्याखाली सही करीन.

वाचायला साधी वाटते, पण या अटीचा इंजिनिअरच्या डोक्याने विचार करून बघा. हा एक फिल्टर आहे! गर्दीत वही पुढे करायला काहीच लागत नाही. शेजारच्याने केली म्हणून आपणही करतो. पोस्टकार्ड पाठवायचं म्हणजे आधी प्रश्न सुचला पाहिजे. तो कार्डाच्या जागेत बसवायचा म्हणजे नेमका विचारला पाहिजे. मग कार्ड विकत आणायचं, पत्ता लिहायचा, पेटीत टाकायचं. एवढं करणारं मूल खरंच उत्सुक असतं. त्याला मिळणारी गोष्टही नुसती सही नसते. ते त्याच्या एकट्याच्या प्रश्नाचं उत्तर असतं आणि सही म्हणजे त्या उत्तराची जबाबदारी.

याच माणसाने एकदा आपलं नाव आणि अक्षर दोन्ही लपवलं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करा, ना. वि. ज. होतात! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ज्यांच्या सहीसाठी रांग लागायची, त्यांना सहीशिवाय आपलं लिखाण टिकतं का, हे बघायचं होतं.

नाशिकशीही त्यांचं नातं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत, म्हणजे चक्क इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात, ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. २० मे २०२५ ला ते गेले. आता ती अट पुरी करून त्यांची सही मिळवणं कुणालाच शक्य नाही. पण ती अट आपण इतर सगळ्यांच्या बाबतीत वापरू शकतो, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

बाकीच्यांनी काय केलं?

प्रसिद्ध माणसांना सह्यांचा त्रास होतो हे खरं आहे. प्रत्येकाने आपापला उपाय काढला. गांधीजी सहीचे ५ रुपये घेत आणि ते पैसे हरिजन फंडात जात. त्या काळी ५ रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हती. डीएनएची रचना शोधणारे फ्रान्सिस क्रिक यांनी तर छापील कार्डच करून घेतलं होतं. तुमच्या पत्राबद्दल आभार, पण खालील गोष्ट करता येणार नाही याबद्दल खेद आहे, असं वर लिहिलेलं. खाली यादी: सही पाठवणं, फोटो देणं, तुमचा आजार बरा करणं, जेवणानंतर भाषण करणं, तुमच्या प्रोजेक्टला मदत करणं वगैरे. लागू असेल तिथे खूण केली की झालं उत्तर! (प्रोजेक्टला मदत मागणारे तेव्हाही होते, हे वाचून मला फार बरं वाटलं.)

चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग बरीच वर्षं पत्रातून सह्या पाठवत. पण लोक त्या विकतात हे कळल्यावर १९९४ च्या सुमारास त्यांनी सह्या देणंच थांबवलं. काही जणांच्या धंद्यामुळे सगळ्या मुलांची वाट बंद झाली. म्हणून या छंदातला पहिला नियम: मागून घेतलेली सही विकायची नाही.

सही करणारं मशीन

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा विषय. पत्रातून आलेली सही त्या माणसाने केलेली असेलच असं नाही. तीन शक्यता असतात. एक, सही छापलेली असते. दोन, सेक्रेटरीने केलेली असते. तीन, मशीनने केलेली असते. या मशीनला 'ऑटोपेन' म्हणतात.

याचा आजोबा म्हणजे 'पॉलिग्राफ'. १८०३ मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. एक पेन हातात धरून लिहायचं, जोडलेलं दुसरं पेन दुसऱ्या कागदावर तसंच लिहितं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आपल्या पत्रांच्या नकला ठेवायला हेच वापरत. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण पँटोग्राफ शिकतो ना, त्याच कुळातलं. ऑटोपेन पुढची पायरी. जुन्या ऑटोपेनमध्ये सहीच्या आकारावरून कापलेला साचा असायचा. साचा फिरतो, फॉलोअर त्याच्या कडेने सरकतो आणि लिंकेजमधून ती हालचाल पेनापर्यंत पोचते. नव्या मशीनमध्ये साच्याऐवजी सही मेमरीत असते आणि मोटर पेन हलवतात. पेन मात्र खरं, शाई खरी. म्हणूनच माणूस फसतो.

२०११ मध्ये बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या सांगण्यावरून वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेनने एका कायद्यावर सही झाली, आणि ते चालतं का यावर बरीच चर्चा झाली. २०२२ मध्ये गायक बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या 'स्वतः सही केलेल्या' प्रती सुमारे ६०० डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले, तर सह्या जुळ्या! शेवटी डिलन यांनी माफी मागितली आणि लोकांना पैसे परत मिळाले.

ओळखायचं कसं? सोपं आहे. स्वतःची सही दहा वेळा करा आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघा. कुठल्याही दोन तंतोतंत जुळणार नाहीत. माणसाचा हात दर वेळी थोडा वेगळा चालतो. मशीनच्या सह्या, साचा एकच असला तर, बरोबर एकावर एक बसतात. दुसरी खूण म्हणजे दाब. आपण वळणावर हलकं आणि सरळ रेघेत जोरात लिहितो. मशीनची रेघ शेवटपर्यंत एकसारखी जाडीची असते आणि सुरुवातीला व शेवटी पेन थांबतं तिथे बहुधा शाईचा ठिपका दिसतो. भिंग घेऊन पाहिलं तर छापील सहीही लगेच कळते, कारण त्यात बारीक टिंबं असतात.

पत्र लिहायचं कसं?

आधी माणूस निवडा. फक्त प्रसिद्ध आहे म्हणून नको. ज्यांचं काम आपण खरंच पाहिलं किंवा वाचलं आहे, अशांनाच लिहा. नट आणि क्रिकेटपटू यांच्याकडे ढीग येतो. लेखक, संशोधक, वादक, जुने खेळाडू, निवृत्त इंजिनिअर यांच्याकडे तेवढा येत नाही.

पत्ता शोधताना त्यांच्या घरापर्यंत जायचं नाही. आपला पत्ता असा कुणी शोधलेला आपल्याला आवडेल का? लेखकाला प्रकाशकामार्फत, शास्त्रज्ञाला संस्थेमार्फत, खेळाडूला त्यांच्या संघटनेमार्फत पत्र पाठवावं. पाकिटावर त्यांचं नाव आणि खाली 'द्वारा' लिहून संस्थेचं नाव.

मायना: बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार म्हणजे 'स. न. वि. वि.', मोठ्यांना साष्टांग नमस्कार म्हणजे 'सा. न. वि. वि.'. 'वि. वि.' म्हणजे विनंती विशेष. आजी म्हणते, एवढं लिहिलं की निम्मं काम झालं!

मजकूर एका पानात. मी कोण, दोन ओळी. तुमचं कुठलं काम मला आवडलं आणि त्यातलं नेमकं काय, तीन-चार ओळी. मग एक प्रश्न. एकच! आणि असा, की ज्याचं उत्तर नेटवर सापडत नाही. 'यशाचं रहस्य काय?' हा प्रश्न नव्हे. 'अमुक प्रकरणात तुम्ही अमुक पद्धत का सोडून दिली?' हा प्रश्न. त्यासाठी आधी त्यांचं काम नीट वाचावं लागतं, आणि खरं सांगू का, निम्मा फायदा तिथेच होतो. सहीची विनंती शेवटच्या ओळीत. पत्र हाताने लिहा, अक्षर कसंही असो.

सोबत आपला पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट घालायचं. पूर्वी पोस्टात जवाबी कार्ड मिळायचं, एक आपल्यासाठी आणि जोडून एक उत्तरासाठी, तीच कल्पना. सहीसाठी पोस्टकार्डाएवढं जाड कोरं कार्ड ठेवा. दुमडू नये म्हणून पुठ्ठा घातलात तर वजन करून घ्या, कारण वजन वाढलं की तिकीट वाढतं. ते परतीच्या पाकिटालाही लागू आहे, नाहीतर दंड त्या बिचाऱ्यांना किंवा तुम्हाला! परदेशात पत्र पाठवत असाल तर परतीच्या पाकिटावर भारताचं तिकीट लावून उपयोग नाही, तिथून येताना त्यांचंच तिकीट लागतं. आणि बाबा म्हणतील, 'रजिस्टर कर.' त्यांना सांगा, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. शिवाय अशा पत्राला साधं टपालच बरं. पोचपावतीवर सही करायला कुणाला दारापर्यंत का उठवायचं?

थोडं पोस्टाबद्दल

नाशिककरांना हे माहीत असायला हवं. भारताची टपाल तिकिटं पूर्वी लंडनमध्ये छापली जायची. १९२० च्या दशकात नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि तिकिटं इथे छापली जाऊ लागली. म्हणजे पाकिटांवरची कितीतरी तिकिटं आपल्याच गावातून निघून देशभर फिरत असतात! भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. आणि पिनकोड, जो लिहायचा आपण कंटाळा करतो, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृतचेही ते मोठे पंडित. पहिला आकडा विभागाचा, आपला ४. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा, नाशिकचा ४२२. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. परतीच्या पाकिटावर तो नीट लिहा.

आमच्या रूमचा प्रयोग

सेकंड इयरला आम्ही तिघींनी मिळून नऊ पत्रं पाठवली. सहा नुसती सही मागणारी, तीन प्रश्न विचारणारी. नऊ पत्रांवरून काहीच सिद्ध होत नाही, स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम हसतील. तरी सांगते. सहांपैकी दोन ठिकाणांहून फोटो आले, दोन्हीवर छापील सही. भिंगाने टिंबं दिसली. एक पाकीट 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. बाकी तिघांकडून काहीच नाही. प्रश्नाच्या तिघांपैकी एकांचं उत्तर आलं. पण ते उत्तर!

माझी रूममेट सिव्हिलची. आमच्या लायब्ररीत धरणांवरचं एक जुनं मराठी पुस्तक आहे. ते लिहिणारे इंजिनिअर पाटबंधारे खात्यातून केव्हाच निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. तिने प्रकाशकामार्फत त्यांना विचारलं: आपलं गंगापूर धरण मातीचं आहे, मग ते पाण्यात विरघळत का नाही?

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेला रेघी कागद, मधे पेन्सिलने काढलेला धरणाचा छेद. त्यांनी समजावलं होतं की मातीच्या धरणातून पाणी झिरपतंच, ते पूर्ण थांबवता येत नाही. मधला चिकणमातीचा गाभा पाण्याचा वेग कमी करतो. त्याच्या मागे वाळूचा थर असतो, तो पाणी जाऊ देतो पण मातीचे कण अडवतो. मग ते पाणी पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून शांतपणे बाहेर पडतं. म्हणजे कौशल्य पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट करून देण्यात जास्त आहे. आमच्या पुस्तकात हेच चार पानांत आहे, पण कळलं ते या कागदावरून. खाली सही. आणि सहीखाली उलटा प्रश्न: एखाद्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाऊन बघ, झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? का विचारतो ते तूच सांग.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावाजवळच्या पाझर तलावावर गेली. पाणी स्वच्छ होतं. गढूळ असतं तर त्याचा अर्थ पाणी आतली माती घेऊन येतंय, आणि मग धोका. तिने तसं लिहिलं. त्यांचं दुसरं पत्र आलं, मग तिसरं. तिसरं पत्र वेगळ्या अक्षरात होतं. मुलीने लिहिलं होतं की बाबांचा हात आता कापतो, ते सांगतात आणि मी लिहिते. पण शेवटची सही त्यांची स्वतःची होती. पहिल्या पत्रातली ठसठशीत, तिसऱ्यातली वाकडी, निम्म्यावर तुटलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकाच माणसाच्या वाटणार नाहीत. मी भिंगाबिंग काढलं नाही. कुठल्याही मशीनला अशी सही करता येत नाही. त्या पत्राला आम्ही त्याच रात्री उत्तर लिहिलं, सबमिशन असूनसुद्धा.

म्हणून सांगते, पत्र उद्यावर टाकू नका. जी माणसं उत्तर देतील अशी वाटतात ती बहुतेक वयाने मोठी असतात. सह्या काय, बाजारातही मिळतात. आपल्या प्रश्नाखाली आलेली सही मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायला आधी प्रश्न लागतो.

सर आणि मॅडम, तुम्हीही या छंदात या. तुमच्या गुरुजनांपैकी कुणी निवृत्त होऊन गावाकडे असतील, त्यांना कुठे कोण प्रश्न विचारतंय? आणि हॉस्टेलच्या मंडळींना आमच्या रूमकडून ऑफर: पाकीट तुमचं, गोंद आमचा, मायना आजीचा. प्रश्न तेवढा तुमचा तुम्ही घेऊन या!